शिवणीत गेलेली ओळ

आमच्या गावातल्या व्यापारी मंडळींनी यंदा दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि मला विषय दिला: दुकानदाराने आपल्या मालाच्या पिशवीचं, डब्याचं, पाटीचं काम जाणकार कलाकाराकडूनच का करून घ्यावं? "पेंटर, तुमचीच जाहिरात तुम्हीच करा," संपादक हसत म्हणाले. मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत पस्तावलो. या प्रश्नाचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे. ते लिहायचं तर सहा वर्षं दाबून ठेवलेली एक गोष्ट लिहावी लागते. तीन रात्री विचार केला, मग आधी एका गावाला जाऊन आलो, आणि आता लिहायला बसलो आहे.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. ब्रश घ्यायचा, अक्षरं काढायची. मीही तसंच समजत होतो. शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, नंतर एका पाटीवाल्या उस्तादाकडे पाच वर्षं डबे धुतले. हात चांगला बसला. कमर्शियल आर्टिस्ट हा शब्द कानावर पडेपर्यंत मी निम्म्या जालन्याच्या पाट्या रंगवून बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणेल ते काढायचं, एवढंच शास्त्र मला माहीत होतं.

गिऱ्हाइकंही एकेक. मंठ्याचे एक कापडवाले होते. त्यांना पाटीवर दुकानाचं नाव मोठं पाहिजे, स्वतःचं नाव मोठं, वडिलांचं नाव त्याहून मोठं, आणि "एकच भाव" हे सगळ्यांत मोठं. मी म्हटलं, "काका, सगळंच मोठं केलं तर मोठं काय दिसणार?" ते म्हणाले, "मंग पाटी मोठी करा की." पाटी इतकी मोठी झाली की दुकानाची खिडकी झाकली गेली आणि दिवसा दिवा लावून ते कापड दाखवू लागले.

दुसरे बदनापूरचे एक हॉटेलवाले. स्टेशनजवळ चहा आणि भजी विकायचे. भिंत रिकामी दिसली म्हणून मी जिलेबी काढली, पाकाने ओथंबलेली, केशरी. आठ दिवसांनी हॉटेलवाले दारात. "ओ पेंटर, काय करून ठेवलं तुम्ही? गाडीतून उतरणारा दर दुसरा माणूस जिलेबी मागून राह्यला. न्हाई म्हणलं तर भांडतो. भितीवर हाय तर देत का न्हाई म्हणतो!" शेवटी त्यांनी एक हलवाई ठेवला. ही गोष्ट मी कित्येक वर्षं अभिमानाने सांगत असे. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो चित्र वाचतो, आणि चित्रावर पुरा विश्वास ठेवतो, हे त्यातून शिकायला हवं होतं. मी फक्त टाळ्या घेतल्या.

आता मूळ गोष्ट.

बहात्तरचा दुष्काळ सरत आला होता तो उन्हाळा. आडतीच्या धंद्यातले एक शेठजी होते. त्यांना इथे चुनीलालशेठ म्हणतो, ते खरं नाव नाही. त्यांनी त्या साली संकरित ज्वारीचं बियाणं स्वतःच्या नावाने विकायला काढलं. चार किलोची कापडी पिशवी, तिच्यावर चित्र आणि नाव. हे काम मला मिळालं. पेढीवर मला गादीशेजारी खुर्ची दिली, चहा कपबशीतून दिला. आमच्या वस्तीतला माणूस त्या पेढीवर खुर्चीत बसल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. छप्पन्न साली आमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा ते म्हणाले होते, आता मान खाली घालून बसायचं नाही. मी ताठ बसलो. पण आतून इतका भ्यालो होतो की शेठजी जे म्हणतील त्याला मान हलवायची हे मी खुर्चीत टेकायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून विषारी पावडर चोळतात. ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. पावडरीच्या डब्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली असतात. मी कच्च्या चित्रात ती पिशवीवरही काढून नेली. शेठजींनी कागद लांब धरला.

"पेंटर, हे काय काढलं?"

"शेठजी, बी विषारी असतं. डब्यावर हाय तसं..."

"अरे बाबा, कास्तकार पेरणीच्या दिवशी हीच पिशवी पाटावर ठेवतो. हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो. कवटीला कुंकू लावील का तो? माल बिलकुल उठायचा न्हाई."

हे खोटं नव्हतं. बियाण्याची पूजा मी खेड्यापाड्यांत पाहिली होती. पूजेच्या पाटावर मसणातलं हाड कोण ठेवील?

"मंग इशारा कुठं टाकू?"

"टाक की खाली एका ओळीत. बारीक. आणि वर असं काहीतरी काढ की बघताच माणूस थांबला पाहिजे."

मी भाकरी काढली. पितळी ताटात टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, कडेला थोडी करपलेली, वर वाफ, शेजारी फोडलेला कांदा आणि मिरचीचा ठेचा. माझी थोरली बहीण, आक्का, हिच्या हातची भाकरी डोळ्यांपुढे ठेवून काढली. सगळ्या मुलखाने वर्ष अर्धपोटी काढलं होतं. त्या भाकरीसमोर जो यायचा तो थांबायचा. चित्राखाली शेठजींच्या बियाण्याचं नाव, आणि अगदी तळाला, कापडाच्या कडेलगत, ती ओळ: हे बियाणे विषारी आहे, खाऊ नये.

छपाई रशीदभाईंकडे होती. जाळीच्या चौकटीतून रंग ओढून ते कापडावर छापत. पहिलं कापड सुटलं तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "क्या रोटी बनाए यार पेंटर! देखके भूक लगरी." मी लाजलो, खूश झालो. खुद्द छापणाऱ्याला भूक लागते म्हणजे काम जमलं. त्या कौतुकाचा अर्थ मला पुढे कळायचा होता.

पिशव्या शिवून, भरून दुकानांवर गेल्या. घनसावंगी, मंठा, आसपासचे बाजार. शेठजींनी मला दोन पिशव्या भेट दिल्या. एक मी आक्काला धाडली. ती घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला एका गावात राहते. दाजींचं तीन एकर रान आहे. गुरुवारी आमच्या ओळखीच्या एका कंडक्टरजवळ पिशवी दिली आणि म्हटलं, "बियाणं हाय म्हणून सांगा." दुसरी ठेवली दुकानात लावायला.

रविवारी दुपारी ती दुसरी पिशवी चौकटीत बसवावी म्हणून रिकामी केली आणि इस्त्री फिरवली. फिरवता फिरवता हात थांबला. तळाची ओळ नव्हती. आधी वाटलं, छापायची राहिली. मग पिशवी उलटी केली. ओळ होती. आतल्या बाजूला, शिवणीच्या दाबात, अर्धी दोऱ्याखाली. शिलाईवाल्याने दोन बोटं कापड दुमडून टाका मारला होता, जसा मारतात तसाच. त्याची काहीच चूक नव्हती. मी चित्र सपाट कापडावर काढलं, सपाट कापडावरच पाहिलं. ही पिशवी होणार आहे, तिला शिवण येणार आहे, शिवणीला किती कापड जाणार आहे, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणजे त्या घडीला चार-पाच बाजारांत विष भरलेल्या पिशव्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर फक्त एक भाकरी होती.

मी काय केलं असेल? पिशवी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली.

सोमवारी मी पेढीवरून दोनदा गेलो. शेठजी आत दिसले, आत गेलो नाही. सांगितलं तर खुर्ची जाईल, "याला काय कळतं" म्हणतील, आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला पुन्हा काम देणार नाहीत, असं मनाशी घोळवत राहिलो. या शेवटच्या विचाराने तर मला फार धीर दिला. जणू मी वस्तीच्या भल्यासाठीच गप्प बसलो होतो. शिवाय स्वतःला समजावत होतो: बियाणं आहे हे कास्तकाराला कळतंच, आक्काला तर कंडक्टरने सांगितलंच असेल. रंग लाल आहे. लाल रंगाची ज्वारी कोण खाईल?

मंगळवारी जेवताना बायको म्हणाली, "घास हातातच धरून बसले का तुम्ही?" मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतोय.

बुधवारी दुपारी तो कंडक्टर दुकानात आला. घाम पुसत म्हणाला, "आक्काची पिशवी पोचली बरं का. लई खूश झाल्या. फाट्यावरच भेटल्या, गाडी सुटून राह्यली व्हती, मी खिडकीतूनच दिली. म्हणलं, भावानं धाडलंय. पिशवी बघून हसल्या. म्हणल्या, भाकर काढली की रं नाम्यानं! वर्साभरानं घरची ज्वारी आली."

"बियाणं हाय म्हणून सांगितलं न्हाई?"

"गाडी सुटली न दादा. पण त्यास्नी कळत न्हाई व्हय? रान हाय की त्यांच्यात."

लाल रंगाची ज्वारी कोण खाईल? सगळ्यांनीच खाल्ली होती! दुष्काळात रेशनवर परदेशी ज्वारी यायची, मिलो म्हणत तिला. तांबडी. मी खाल्ली होती, आक्काने खाल्ली होती, खडी फोडायला गेलेल्या प्रत्येक माणसाने खाल्ली होती. ज्या रंगाने माणसाला थांबवायचं, तो रंग वर्षभर आमच्या ताटात होता. हे मी जगलो होतो आणि चित्र काढताना एकदाही मला आठवलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट त्याच क्षणी कळली. तीन दिवस त्या पिशव्या परक्यांच्या घरांत होत्या तोवर मला जेवण जात नव्हतं एवढंच. तसलीच पिशवी आक्काच्या घरात आहे, तिला काही सांगितलेलं नाही, म्हटल्यावर माझे पाय हलले.

बुधवारी पुढची गाडी नव्हती. गुरुवारी पेटीतली पिशवी बगलेत मारून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. फाट्यावर उतरून तीन मैल चाललो की पळालो ते आठवत नाही. आक्का अंगणात शेण सारवत होती. मला बघून उठली.

"अगं बया, नामा! असा काय वाळला रं?"

"आक्का, ज्वारी कुठाय? खाल्ली का?"

"कोणती? तुझी? न्हाई अजून. दाजी कालव्याच्या कामावरून शनिवारी येनार हायती. म्हणलं तवाच करावी."

मी खाली बसलो. हसू यायला लागलं. ती म्हणाली, "येड लागलं का काय तुला?" मी सांगितलं. तिने हातातला शेणाचा गोळा तसाच धरला आणि तिचा चेहरा पालटला.

"नामा, मी वाटली की रं."

माहेरचं काही आलं की आमच्याकडे बाई ते एकटी खात नाही. मूठभर का होईना, शेजारपाजारी देते. भावाने आठवण ठेवली हे चार घरांना कळावं लागतं. आक्काने तीन घरी दोन-दोन ओंजळी दिल्या होत्या, पिशवीवरचं चित्र दाखवून. "माझ्या भावानं काढलंय."

आम्ही धावलो. पहिल्या घरी ज्वारी मडक्यात होती. आक्काने मडकंच उचललं, घरातली बाई बघत राहिली. दुसऱ्या घरी निवडून सुपात ठेवलेली. तिसरं घर गयाबाईचं. म्हातारी, मुलगा आणि सून रोजगाराच्या कामावर गेलेली. ती दाराच्या कट्ट्याला टेकून बसली होती. पुढे ओकारी पडलेली.

"गयामावशे, ती ज्वारी?"

"काल दळली बाई. राती खाल्ली, आत्ता सकाळी उरलेली खाल्ली. पोरं लवकर गेली, त्यांनी काल रेशनच्या पिठाची आंबीलच पेली. तोंड जळून राह्यलं गं माजं."

"लाल पाणी न्हाई सुटलं धुताना?" मी ओरडलोच जवळजवळ.

"सुटलं की. रेशनच्या ज्वारीलाबी कसलं कसलं पाणी सुटायचं."

काल. बुधवारी. मी सोमवारी निघालो असतो तर त्या दाण्यांवर हात ठेवता आला असता. मंगळवारीही आला असता.

बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून एका ट्रकवाल्याच्या पाया पडून तालुक्याच्या दवाखान्यात. वाटेत ती आक्काच्या मांडीवर होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "मला काय झालं गं?" मी तिच्या पायाशी बसलो होतो, बगलेत ती रिकामी पिशवी गुंडाळून. दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं. डॉक्टर बाहेर आले. "हे धान्य यांना कुणी दिलं?"

मी तोंड उघडलं. आक्का म्हणाली, "मी दिलं सायेब. मला कळलं न्हाई."

डॉक्टरांनी तिला सुनावलं, बियाण्याची ज्वारी खायला देतात का, अक्कल आहे की नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. पिशवी माझ्या बगलेतच होती. मी ती पुढे केली नाही. बाहेर आल्यावर आक्का हळूच म्हणाली, "तू गप राह्य. तुझं काम जाईल." मी गप्प राहिलो. तिने म्हटलं म्हणून नव्हे. तिने म्हटलं नसतं तरी राहिलोच असतो.

शुक्रवारी सकाळी मात्र पेढीवर गेलो. शेठजींच्या पुढे पिशवी उलटी करून ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"तुला कळलं कधी?"

"रविवारी."

"इतवारला कळलं. आज शुक्करवार. पाच दिवस तू काय करून राह्यला, पेंटर?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. मुनिमाला हाक मारली, जीप बाहेर काढायला सांगितली, दोन माणसं मंठ्याला धाडली, दोन घनसावंगीला. प्रत्येक बाजारगावी, प्रत्येक वाडीत दवंडी द्यायची, बी विषारी आहे, पिशवी परत आणा, बदल्यात इशारा छापलेली फुकट घ्या. "कवटी नको मीच बोललो व्हतो," ते कोट चढवता चढवता म्हणाले, "ते माझ्या डोक्यावर. पण हे तू मला इतवारलाच सांगितलं पाहिजे व्हतं." ज्या माणसाच्या भीतीने मी पाच दिवस गप्प बसलो तो पाच मिनिटांत जीपमध्ये होता.

चार दिवसांत जवळजवळ सगळ्या पिशव्या परत आल्या. अकरा आल्या नाहीत. कदाचित पेरल्या असतील. कदाचित घेणारा दूरच्या गावचा असेल, दवंडी ऐकली नसेल, पण घरी कुणीतरी वाचणारं, जाणणारं असेल. त्या अकरा पिशव्यांचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. त्या साली उन्हाळ्यात कुठे कुणी ओकाऱ्या होऊन गेल्याची बातमी कानावर आली की मी गाव विचारत असे, आणि गाव कळल्यावर बाजार कोणता ते विचारत असे. लोकांना वाटायचं, पेंटरला फार कळवळा.

गयाबाई वाचली. आठ दिवसांनी घरी आली. पुढे कितीतरी महिने तिचे हात थरथरत, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागे.

शेठजींनी मला काढलं नाही. पुढच्या हंगामाची पिशवी करताना म्हणाले, "या वेळी छापायच्या आधी शिवून आण." मी शिवून नेली. आणि तिथूनच, माझ्या मते, मला धंदा कळायला लागला. नुसती शिवून भागेना, म्हणून ती घेऊन बाजारात बसलो आणि वाचता न येणाऱ्या बायामाणसांना दाखवू लागलो. "यात काय हाय?" एवढंच विचारायचं, पुढे बोलायचं नाही. भाकरीवर मी मोठी लाल फुली मारली होती, खाऊ नका अशा अर्थाने. एका म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "भाकरीचे चार तुकडे केलेत." दुसरी बाई म्हणाली, "चौघांत वाटून खा म्हणते." मेलेला उंदीर काढला, तो सगळ्यांना बरोबर कळला, पण शेठजी म्हणाले गणपतीचं वाहन आहे, समोर नको. शेवटी समोर पेरणीची तिफण काढली, बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरलेला हात, आणि पाठीमागे, पूजेत खाली जाणाऱ्या बाजूला, दाणे आणि मेलेला उंदीर. ज्याला दाखवावी तो म्हणे, "पेरायचं हाय. खाल्लं तर मरतं." भाकरी गेली. त्या पिशवीला बघून कुणाला भूक लागली नाही आणि कुणी माझं कौतुकही केलं नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, मला जे विचारलं त्याचं उत्तर असं आहे. चांगली अक्षरं काढणारे तुम्हाला गल्लीत मिळतील, माझ्यापेक्षा चांगलीही काढतील. कलाकार धरायचा तो यासाठी, की तो तुम्हाला विचारील: ही वस्तू कोण हातात घेणार, त्याला वाचता येतं का, तो ती कुठल्या खुंटीला टांगणार, कापड कुठे दुमडणार, गेल्या वर्षी त्या घरात काय शिजलं. तुम्ही कवटी नको म्हणालात तर तो मान हलवून बारीक ओळीवर राजी होणार नाही, पूजेला चालेल असं दुसरं काही शोधून आणील. आणि त्याची चूक त्याला कळली तर त्याच दिवशी तुमच्या पेढीवर येऊन सांगील. असा माणूस मी त्या साली नव्हतो. आता आहे की नाही ते मलाही नक्की सांगता येत नाही. आपली चूक शेठजींना सांगितली, पण जिथे सांगायला हवी होती तिथे सहा वर्षं सांगितली नव्हती.

आक्काच्या गावात ती चूक आक्काचीच राहिली. गयाबाईच्या मुलाने वस्तीत सांगितलं, हिने विषारी बी वाटलं. कुणी भांडलं नाही. फक्त बायका तिच्या हातचं घेईनात. बारशाला तिने नेलेला बाळंतविडा दारात ठेवायचे, घरात न्यायचे नाहीत. आमच्यात आता राखी नसली तरी मी दर वर्षी काहीतरी घेऊन जातो. ते ती आमच्या दाजींना आणि भाच्यांना घालते, उरलेलं उतरंडीत ठेवते, उंबऱ्याबाहेर नेत नाही. मला हे सगळं दिसत होतं. मी म्हणायचो, "पुढल्या खेपेला सांगतो." ती म्हणायची, "जाऊ दे रं."

संपादकांनी हा विषय दिल्यावर मी गेल्या महिन्यात गेलो. विहाराच्या अंगणात संध्याकाळी माणसं बसतात. जयभीम घातला, उभा राहिलो आणि सांगितलं. ओळ, शिवण, रविवार, बगलेतली पिशवी. गयाबाई भिंतीला टेकून बसली होती. सांगून झालं. मग तीच बोलली.

"तुझ्या बहिनीनं मुद्दाम केलं असंल असं मला कधीच वाटलं न्हाई. पण तू रं? तुला हितं यायला सहा वर्सं लागली? जालना काय लंकेत हाय का?"

कुणीतरी हसलं. मला वाटलं, मिटलं. तिने मान फिरवली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काने मी नेलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उतरंडीतून काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा ताटात मांडला, वर फडकं टाकलं. मी म्हटलं, "गयाबाईकडे नेतेस?"

तिने फडक्याखालून एक लाडू काढला, उंबऱ्यात बसून सावकाश खाल्ला, वर पाणी प्याली. आणि ताट मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.

"काय गं? जा की."

"जाते," ती म्हणाली. "दुपार तर होऊ दे. मला काही होतं का ते बघू दे आधी."